पंडिता रमाबाई आणि आजाऱ्यांच्या सेवेसाठी कामकरी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात असे वर्णन आहे की, प्रभू येशू नगरोनगरी व गावोगावी फिरत असता राज्याची सुवार्ता सांगत असे आणि लोकांची दुखणी बरी करीत असे. त्या फिरतीत गांजलेला व निराधार समुदाय पाहून त्यास कळवळा आला, आणि कापणीचे काम मोठे असून हात थोडे आहेत ही गोष्ट त्याने शिष्यांच्या ध्यानात आणून दिली. हा भाग आपण बहुतकरून नव्या उपदेशकाच्या नेमणुकीच्या वेळी वाचतो. परंतु प्रभूने तो विचार रोग्यांच्या घोळक्यात उभे राहून सांगितला, हे आपल्या लक्षात राहत नाही. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी शिकलेली माणसे थोडी आहेत, ही अडचण त्या काळी होती तशीच ती आजही आपल्या खेड्यांत आहे.

आपल्या मराठी मुलुखात ही अडचण ज्यांनी फार लवकर ओळखली आणि सरकारपुढे निर्भयपणे मांडली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. केडगावचे मुक्ती मिशन, अनाथ विधवांचा सांभाळ आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ही त्यांची कामे आपल्या बहुतेक मंडळ्यांस ठाऊक आहेत. परंतु त्या स्वतः डॉक्टर होण्याच्या इच्छेने विलायतेस गेल्या होत्या, ती इच्छा सफळ झाली नाही, आणि तरीही आजारी स्त्रियांसाठी कामकरणी कोठून आणाव्या ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या आयुष्याने दिले, ही हकीकत तितकीशी सांगण्यात येत नाही. ती येथे क्रमाने दिली आहे.

बाळपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस विद्या द्यावी असे त्यांचे मत होते, आणि लोकांचा विरोध सोसूनही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. पुढे त्याच मातेने आपल्या धाकट्या मुलीस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जाई, देवळात पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी.

१८७४ नंतरच्या तीन वर्षांत दक्षिणेत अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा ह्या विद्वान घराण्याची जी दशा झाली ती ऐकून मन विदीर्ण होते. शास्त्र मुखी होते, पण हातांस कोणतेही काम येत नव्हते, आणि भिक्षा मागण्याची लाज वाटे. प्रथम वडील गेले, मागून आई गेली, आणि नंतर वडील बहीण पटकीने गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, शेकडो कोस पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमेचा जन्म झाला. परंतु हा संसार दोन वर्षेही टिकला नाही, कारण फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबूंस पटकी झाली आणि त्यांचा अंत झाला. ज्या रोगाने बहीण नेली त्याच रोगाने पतीही नेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीस घेऊन विधवा झाल्या. पुढे रोग आणि औषधोपचार ह्या विषयांकडे त्यांचे मन इतके का वळले, ते ह्या एका गोष्टीवरून समजून येते.

हंटर कमिशनापुढे साक्ष

१८८२ मध्येच रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेले कमिशन पुण्यास आले. सर विल्यम हंटर हे त्याचे अध्यक्ष होते. रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली.

ह्या साक्षीत त्यांनी मुलींच्या शाळा, स्त्री-शिक्षिकांची तयारी आणि स्त्री-तपासनिसांची गरज ह्यांविषयी आपले म्हणणे मांडले. पण त्याचबरोबर त्यांनी वैद्यकीचा प्रश्न पुढे आणला. ह्या देशातील स्त्रिया आपले दुखणे परक्या पुरुषापुढे बोलून दाखवीत नाहीत. नाडी पाहू देण्यासही त्या संकोचतात. त्यामुळे औषध जवळ असूनही ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि कित्येक स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांनी सांगितले. सबब स्त्रियांस वैद्यकीय विद्यालयात घेऊन त्यांस डॉक्टर करावे, अशी त्यांची मागणी होती.

वाचकहो, ह्या मागणीतील मर्म नीट पाहावे. पुण्या-मुंबईस त्या वेळी इस्पितळे होती, सरकारी सिव्हिल सर्जन होते, औषधांची कोठारेही होती. रमाबाईंनी नवी इमारत मागितली नाही. आजारी बाई जिच्यापाशी तोंड उघडील अशी व्यक्ती त्या खात्यात नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले. दवाखान्यात डॉक्टर हजर असूनही अर्ध्या लोकांच्या दृष्टीने ती जागा रिकामीच होती. आरोग्यखात्यातील माणसांचा तुटवडा केवळ डोकी मोजून समजत नाही, हे तत्त्व त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आले होते.

हंटरसाहेबांवर ह्या साक्षीचा एवढा परिणाम झाला की, त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करवून ते वेगळे छापविले. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची हालचाल इतरत्रही चालू होती. मद्रासच्या वैद्यकीय विद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांस प्रवेश दिला होता. मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली ह्या गृहस्थांनी निधी जमविला, १८८३ च्या अखेरीस विलायतेहून डॉक्टर एडिथ पेची ह्यांस बोलाविले, आणि १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा इस्पितळ उघडले. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन ह्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक मोठा फंड उभारला. स्त्री डॉक्टर, हॉस्पिटल असिस्टंट, परिचारिका आणि सुइणी तयार करणे हा त्याचा पहिला हेतू होता. रमाबाईंची साक्ष ही ह्या फंडाची वाट मोकळी करणाऱ्या गोष्टींपैकी एक मानली जाते.

डॉक्टर होण्याची इच्छा

दुसऱ्यांनी डॉक्टर व्हावे असे सांगून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. स्वतः वैद्यकी शिकावी असा त्यांनी निश्चय केला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून त्याच्या उत्पन्नातून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली, आणि १८८३ मध्ये मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला. त्या भगिनी पतित स्त्रियांची जी सेवा करीत ती रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिली. शास्त्राचे वाचन, प्रार्थना आणि पुष्कळ विचार ह्यांअंती २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या नामात बाप्तिस्मा घेतला.

वैद्यकीचा बेत मात्र तेथेच थांबला. रमाबाईंस ऐकू कमी येत असे, आणि ही व्यथा वाढत चालली होती. छातीचे ठोके ऐकणे आणि वर्गातील व्याख्यान ऐकणे ज्यास जमत नाही त्यास वैद्यकी कशी शिकता येईल? ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच काम देवाने बंद केले, असे त्यांस त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी हाय खाल्ली नाही. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात राहून त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकू लागल्या.

आनंदीबाईंचे उदाहरण

ह्याच सुमारास रमाबाईंच्या दूरच्या नात्यातील एक मुलगी अमेरिकेत वैद्यकी शिकत होती. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. त्या चौदा वर्षांच्या असता त्यांस मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. वेळेवर योग्य उपचार मिळाला नाही हे शल्य त्यांच्या मनात राहिले. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर सभेत आपला हेतू सांगितला आणि त्याच वर्षी त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. त्या आपल्या हिंदू धर्मातच राहिल्या, तरी त्यांच्या धैर्याचा गौरव करताना आपण हात आखडता घेऊ नये.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाने आनंदीबाईंस एम. डी. ही पदवी दिली. तो समारंभ पाहण्यासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडाहून गेल्या. जी पदवी कानांच्या व्यथेमुळे आपणास मिळू शकली नाही, ती आपल्या आप्त मुलीस मिळताना पाहून त्यांनी आनंद केला. ख्रिस्ती सेवकाने हा प्रसंग मनात धरून ठेवावा असा आहे. आपल्या हातून जे होत नाही ते दुसऱ्याच्या हातून होत असता त्याचा हेवा न करणे, उलट त्यास बळ देणे, हीही सेवाच होय.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. परंतु अमेरिकेतच त्यांस क्षयाने गाठले होते. त्या स्वदेशी आल्या, पण कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

नेमणूक झाली होती, पगार ठरला होता, इस्पितळ उभे होते, रोगी वाट पाहत होते. परंतु येणारी एकच होती, आणि ती गेल्यावर तिच्यामागे दुसरी कोणी तयार नव्हती. आरोग्यखाते एखाद्या थोर व्यक्तीवर चालत नाही, त्यास मागून येणाऱ्यांची रांग लागते, हा धडा ह्या मृत्यूने शिकविला. रमाबाईंनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आनंदीबाईंच्या विद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली ह्यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकामुळे मदत करणारे पुष्कळ मित्र मिळाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीस बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले.

प्लेगचे वर्ष

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात फैलावला. सरकारने रँडसाहेबांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली आणि घरोघर झडतीसाठी गोरे शिपाई पाठविले. रोग आवरण्याचा हेतू चांगला होता. परंतु बायकांच्या अंगावरील गाठी पाहण्यास व त्यांस इस्पितळात सांभाळण्यास विश्वासू व शिकलेल्या स्त्रिया पुरेशा नव्हत्या. जे काम दाईने किंवा परिचारिकेने करावयाचे ते बंदुकवाल्या शिपायाकडे आले. लोक भयभीत झाले, रोगी लपवू लागले, आणि लपविल्यामुळे रोग अधिकच पसरला.

रमाबाईंच्या संस्थेतील एका मुलीस प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आले होते. तिच्या संबंधाने जे घडले त्यावरून रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे गार्डियन ह्या ख्रिस्ती पत्रात लिहिले, आणि तेथे तरुण स्त्रियांची अब्रू सुरक्षित राहत नाही असा उघड आरोप केला. हा विषय विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी आरोप नाकारला. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि राज्यकर्तेही स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत, म्हणून त्यांनी मौन धरले असते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. पण असहाय मुलीच्या बाजूने बोलणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

त्याच प्लेगात, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले ह्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनी पुण्याबाहेर रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. रोगी उचलून आणणारे कोणी नाही असे पाहून वृद्ध सावित्रीबाई स्वतः त्यांस आणीत, आणि तसे करता करता त्यांसही त्या रोगाने ग्रासले. पुण्याच्या त्या वर्षी ह्या दोन स्त्रियांनी दोन वेगळ्या मार्गांनी एकच उणीव भरून काढण्याचा यत्न केला.

मुक्तीची रीत

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवांस घेऊन आल्या. प्लेगामुळे पुण्यात इतक्या जणींस ठेवण्यास अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा पुण्याहून सुमारे ३५ मैलांवर केडगाव येथे घेतलेल्या जमिनीत त्यांस नेण्यात आले. त्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

आता विचार करावा की, दोन हजार अशक्त, रोगट, उपाशी मुली एका माळावर आल्या असता त्यांची शुश्रूषा कोणी करावी? खरूज, ताप, हगवण, डोळ्यांचे विकार ह्यांनी त्या गांजलेल्या होत्या. बाहेरून तितक्या परिचारिका आणणे शक्य नव्हते. पैसा असता तरी त्या मिळाल्या नसत्या. अमेरिकेहून आलेल्या मिनी एब्रम्स ह्यांच्यासारख्या थोड्या भगिनी मदतीस होत्या. बाकीची सर्व माणसे रमाबाईंनी त्या मुलींतूनच निर्माण केली. आधी आलेली मुलगी बरी झाली की नंतर आलेलीस तिच्या हाती सोपवीत. थोरलीने धाकटीस न्हाऊ घालावे, तिला भरवावे, रात्री जागावे. ज्यांची बुद्धी चालेल त्यांस पुढे शिक्षण द्यावे. अशा रीतीने कोणी शिक्षिका झाल्या, कोणी बायबल-बाया, कोणी खोल्यांच्या मेट्रन, कोणी आजाऱ्यांच्या परिचारिका. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि ती त्यांस शिकविली. मग आंधळीही केवळ पोसली जाणारी न राहता कामाची झाली.

जिने दुखणे भोगले आहे तिलाच दुखणाइताची सेवा करण्यास तयार करावे, हे मुक्तीचे सूत्र होते. तथापि एक गैरसमज होऊ नये. केवळ कळवळा पुरेसा आहे असे रमाबाईंनी कधी मानले नाही. ज्यांनी १८८२ मध्ये स्त्रियांस वैद्यकीय विद्यालयाचे दार उघडा अशी मागणी केली, त्यांस शिक्षणाची किंमत पुरी ठाऊक होती. प्रेमळ पण अडाणी हातांनी सुईणपणात किती माता दगावतात, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

रमाबाईंनी व मनोरमाबाईंनी १९१२ च्या सुमारास गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली. गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, आणि आपला परभणी जिल्हाही त्याच राज्यात होता. मुलींच्या शिक्षणाची सोय जेथे फार थोडी होती अशा मुलुखात मुद्दाम जाऊन काम उभारण्याची त्यांची ही तऱ्हा ध्यानात घेण्यासारखी आहे. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंस कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ते दुःख उरी बाळगून रमाबाईंनी शास्त्राच्या भाषांतराचे काम पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

त्यांच्यामागे काय झाले

डफरिन फंडामुळे मोठ्या शहरांत स्त्रियांची इस्पितळे निघाली. १९०३ मध्ये लेडी कर्झन ह्यांनी खेड्यांतील सुइणींस शिकविण्यासाठी निराळा निधी काढला, आणि १९१४ मध्ये स्त्री डॉक्टरांची अखिल हिंदुस्थानची नोकरी सुरू झाली. तरी १९४६ मध्ये भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या तीस कोटी वस्तीस अवघ्या ७,००० परिचारिका आढळल्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. शिकलेल्या सुइणी ५,००० होत्या, म्हणजे ६०,००० माणसांमागे एक. उच्च मानलेल्या घराण्यांत हे काम हलके समजले जाई, म्हणून त्या काळी परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा पुष्कळ असे. आपल्या मंडळ्यांनी हे ऋण फेडलेले आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

मराठवाड्यात तर १९५६ साली औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघेपर्यंत डॉक्टर तयार करणारी संस्थाच नव्हती. आज सपाट मुलुखात ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० वस्तीस एक उपकेंद्र असावे असा सरकारी नियम आहे. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरांस काही काळ सरकारी सेवा करण्याचे बंधनही आहे. परंतु जागा मंजूर होणे निराळे आणि त्या जागेवर माणूस राहणे निराळे, हे खेड्यातील प्रत्येक जण जाणतो.

ही गोष्ट आपल्या भागातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी येथे जे मोठे धरण १९६८ मध्ये पुरे झाले, ते पाणी साठविते आणि वीज देते. परंतु शेताला मिळणारे पाणी खाली सिद्धेश्वरच्या बंधाऱ्यापाशी अडविले जाऊन तेथील कालव्यांनी शिवारात जाते. येलदरीचा तलाव भरलेला असला आणि कालवा फुटलेला असला, तर जोंधळा वाळणारच. वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्ह्याची इस्पितळे ही तलावासारखी आहेत. खेड्यातील परिचारिका, सुईण आणि आशाताई हे कालवे आहेत. आपल्याकडे पाणी बहुधा ह्या शेवटच्या टप्प्यातच अडते.

रमाबाईंची रीत मराठी मुलुखात पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर दिसून आली. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम आरंभिले. शहरातून परिचारिका खेड्यात राहावयास येत नाहीत असे अनुभवास आल्यावर त्यांनी गावच्याच, बहुधा निरक्षर व दलित, स्त्रियांस शिकविले, आणि त्या स्त्रियांनी बाळंतपणे, लहान मुलांची देखभाल व गावची स्वच्छता ही कामे उत्तम रीतीने चालविली. २००५ पासून सरकारने देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या, त्यांतही सुमारे हजार वस्तीस एक आणि ती त्याच गावची असावी, असा नियम केला. विवाहित, विधवा किंवा सोडलेली स्त्री ह्या कामास घ्यावी असे त्यात सांगितले आहे. ज्या विधवेस पूर्वी घरच्या अंधाऱ्या खोलीत बसवीत, तिलाच आता गाव आपल्या आरोग्यासाठी हाक मारतो. रमाबाईंस हे पाहून संतोष झाला असता. परंतु ह्या भगिनींस नियमित पगार नसून मानधन व कामानुसार मोबदला मिळतो, हेही आपण विसरू नये. सेवेच्या नावाखाली मजुराची मजुरी कमी करणे शास्त्रास धरून नाही.

मंडळ्यांस विनंती

आता उपदेशक व मंडळीचे वडील ह्यांस तीन गोष्टी नम्रपणे सुचवावयाच्या आहेत. पहिली, आपल्या गावात कोणत्या मुली शाळा पुरी करीत आहेत त्यांची नावे ध्यानात ठेवावी. बारावी झालेल्या मुलीस सुईणपणाचा दोन वर्षांचा आणि परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. लग्नाच्या घाईत ही संधी जाऊ देऊ नये, आणि गरीब घर असल्यास मंडळीच्या दानातून प्रवासाचा व पुस्तकांचा भार उचलावा.

दुसरी, परगावाहून नेमलेली परिचारिका किंवा डॉक्टर आपल्या उपकेंद्रात आली, तर ती का टिकत नाही ह्याचा विचार करावा. राहावयास खोली नाही, रात्री सोबत नाही, पाण्याची सोय नाही, आणि गावचे टवाळ तिच्या वाटेत उभे राहतात. ह्या गोष्टींस सरकारी हुकूम पुरेसा पडत नाही. एखादे ख्रिस्ती कुटुंब तिला शेजार देऊ शकते. रमाबाईंस वाँटेजच्या भगिनींनी असाच शेजार दिला होता.

तिसरी, रविवारच्या प्रार्थनेत ह्या कामकऱ्यांची आठवण करावी, त्यांची जात वा धर्म न पाहता. आणि ही प्रार्थना करताना मत्तयाचा नववा अध्याय संपवून थांबू नये. दहाव्या अध्यायाच्या आरंभी असे दिसते की, कामकऱ्यांसाठी प्रार्थना करा असे ज्या शिष्यांस सांगितले, त्यांसच प्रभूने लगेच जवळ बोलाविले आणि दुखणी बरी करण्याचा अधिकार देऊन धाडून दिले. तेव्हा मंडळीत ही प्रार्थना झाल्यावर वडिलांनी घरी जाऊन आपल्या मुलींकडे पाहावे, आणि प्रभूने आपल्याच घरातून कोणास बोलाविले आहे काय, हे त्यांस विचारावे.